रँक कोरिलेशनची गोष्ट : मोजता येत नाही, पण क्रम लावता येतो

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, नॉर्मॅलिटी टेस्ट फेल गेली. आता पिअर्सनच्या जागी स्पिअरमन टाकू ना?" मी "हो, टाक" असं टाईप केलं, पण पाठवता पाठवता थांबले. कारण दोन वर्षांपूर्वी मीही स्पिअरमन असाच 'टाकला' होता आणि त्यातून चांगलीच तोंडघशी पडले होते.

आपल्यापैकी बहुतेकांची रँक कोरिलेशनशी, म्हणजे क्रम सहसंबंधाशी, ओळख सेट-नेटच्या गाइडमधून होते. एक सूत्र, एक सोडवलेलं उदाहरण आणि खाली एक ओळ : 'डेटा प्रसामान्य नसल्यास वापरावे.' ही ओळ चुकीची नाही, पण फार अपुरी आहे. ही पद्धत पिअर्सनला पर्यायी स्टेपनी म्हणून जन्माला आलेली नाही. ज्याला आपली गोष्ट मोजताच येत नव्हती, फक्त तिचा क्रम लावता येत होता, अशा माणसाने ती पुढे आणली. हा इतिहास कळला की कधी काय वापरायचं हे पाठ करावं लागत नाही, म्हणून आज तोच सांगते.

आधी माझी फजिती. माझं काम ज्वारीवर आहे. ज्वारीचे सहा नमुने होते आणि 'कोणत्या पिठाची भाकरी चांगली' हे बघायचं होतं. भाकरी फाडायला किती जोर लागतो, तिच्यात पाणी किती टक्के, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. पण 'चांगली भाकरी' म्हणजे एवढंच नाही ना? ती मऊ हवी, पापुद्रा सुटायला हवा, गार झाल्यावर वातड व्हायला नको आणि चवीला गोडसर हवी. हे सगळं एका आकड्यात मांडणारं यंत्र नाही. मग प्राथमिक चाचणी म्हणून मी पिठांना अ, ब, क, ड, इ, फ अशी अक्षरं दिली, भाकऱ्या केल्या आणि आई व शेजारच्या काकूंना वेगवेगळं बसवून क्रम लावायला सांगितला. आईचा क्रम सरळ आला : अ पहिला, ब दुसरा, असं करत फ सहावा. काकूंचा क्रम असा : ब, अ, ड, क, फ, इ. म्हणजे शेजारशेजारच्या तीन जोड्या उलट्या, बाकी सगळं तेच.

आता प्रश्न असा की या दोघींचं एकमत आहे का, आणि असलं तर किती? हे सहा नमुने लक्षात ठेवा, आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत.

सहसंबंध आकड्यात मांडण्याची धडपड एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जोरात सुरू झाली. फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८८८ साली रॉयल सोसायटीपुढे सहसंबंधावरचा निबंध मांडला. माणसाची उंची आणि हाताची लांबी अशी मोजमापं त्यात होती. त्यांच्या पुढच्या पिढीतल्या कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये त्याला पक्कं गणिती रूप दिलं. आपण आज एक्सेलमध्ये काढतो तो सहसंबंध गुणक तो हाच. पण बघा, उंची फूटपट्टीने मोजता येते. १८० सेंटिमीटर आणि १७० सेंटिमीटर यांतला फरक १७० आणि १६० यांतल्या फरकाएवढाच असतो. पिअर्सनचा गुणक नेमका याच भरवशावर उभा आहे.

गंमत म्हणजे क्रमाची ताकद गॅल्टननाही माहीत होती. १८७५ मध्येच त्यांनी लिहिलं होतं की माणसांना एखाद्या गुणाप्रमाणे ओळीत उभं करता येतं आणि त्यासाठी प्रत्येकाचं मोजमाप घ्यावं लागत नाही. ओळीच्या मधोमध उभा असलेला माणूस त्या गटाचा प्रतिनिधी. पण अशा दोन ओळी एकमेकींशी किती जुळतात, हा प्रश्न वेगळा होता. तो धसाला लावला एका माजी लष्करी अधिकाऱ्याने.

चार्ल्स स्पिअरमन यांचा जन्म १८६३ चा, लंडनचा. तरुणपणी ते ब्रिटिश सैन्यात गेले, बर्माच्या मोहिमेत होते. पण मन तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्रात. शेवटी १८९७ मध्ये, वयाच्या चौतिशीत, त्यांनी सैन्य सोडलं आणि जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्याकडे पीएचडीसाठी नाव घातलं. मध्येच बोअर युद्ध सुरू झालं आणि त्यांना पुन्हा सैन्यात बोलावून घेतलं. पीएचडी हातात पडली ती १९०६ मध्ये, म्हणजे त्रेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास. 'माझं वय निघून चाललंय' असं म्हणणाऱ्या सगळ्यांनी हे जरा लक्षात ठेवा!

लष्करातल्या त्या सक्तीच्या दिवसांनंतर, पीएचडी अर्धवट असतानाच, स्पिअरमन यांनी बर्कशायरमधल्या आपल्या घराजवळच्या खेड्यातल्या शाळेत प्रयोग केले. वयाने मोठी अशी २४ मुलं निवडली. दोन स्वरांतला बारीक फरक, उजेडाच्या छटा, वजनातला फरक मुलांना किती ओळखू येतो हे तपासलं. हे मोजता येत होतं. पण त्याची तुलना करायची होती बुद्धीशी. बुद्धी कशी मोजणार? तेव्हा बिने यांची पहिली चाचणीसुद्धा यायची होती. मग त्यांनी केलं काय, तर शिक्षकांकडून मुलांचा हुशारीनुसार क्रम लावून घेतला. शाळेबाहेरच्या व्यवहारज्ञानाबद्दल तर मोठ्या मुलांनाही विचारलं. कोणता मुलगा किती हुशार हे शिक्षक आकड्यात सांगू शकत नव्हते, पण कोण कोणापेक्षा हुशार हे सांगू शकत होते. माझ्या आईची भाकरीबाबत हीच तर गत होती.

यातून १९०४ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी'त दोन निबंध आले. पहिला पद्धतीवर : दोन गोष्टींतला संबंध सिद्ध कसा करायचा आणि मोजायचा कसा. दुसरा बुद्धीवर. पहिल्या निबंधात त्यांनी क्रमांची बाजू मांडली. त्यांचं म्हणणं असं की क्रम लावला की एखाद्या अतिटोकाच्या आकड्याचा अवाजवी प्रभाव कमी होतो. एखादा मुलगा बाकीच्यांपेक्षा दहापट चांगला निघाला तरी त्याचा क्रम पहिलाच राहतो, 'दहापट पहिला' होत नाही. आउटलायरचं दुखणं आणि त्यावरचा उतारा आपण आज शिकतो, तो इथे आहे.

आता सूत्राकडे येऊ. 'हा ६ कुठून आला?' हे व्हायव्हाला हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. आजचं स्पिअरमनचं सूत्र म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, पिअर्सनचाच गुणक, फक्त आकड्यांच्या जागी क्रम घातलेले. सहा नमुन्यांचे क्रम १ ते ६, सरासरी ३.५. या सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली की १७.५ येते. आईचे क्रम घ्या की काकूंचे, समान क्रम नसतील तर ही बेरीज १७.५ च राहणार, कारण आकडे तेच आहेत, फक्त त्यांच्या जागा बदलल्या. त्यामुळे पिअर्सनच्या सूत्रातला छेद आधीच ठरलेला असतो आणि मोजायचं उरतं ते फक्त दोन क्रमांतलं अंतर. प्रत्येक नमुन्याच्या दोन क्रमांतला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, बेरीज करा, सहाने गुणा. मग नमुन्यांची संख्या गुणिले तिचा वर्ग वजा एक, याने भागा आणि उत्तर एकातून वजा करा. आमच्या भाकऱ्यांत प्रत्येक फरक १, वर्गांची बेरीज ६. म्हणजे १ वजा ३६ भागिले २१०, बरोबर ०.८३. तो ६ आभाळातून पडलेला नाही, १ ते न या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेतून आलेला आहे.

पण स्पिअरमन यांचा स्वतःचा जीव या वर्गांवर नव्हता. १९०६ मध्ये त्यांनी आणखी सोपी रीत सुचवली आणि तिला नाव दिलं 'फूटरूल', म्हणजे फूटपट्टी. वर्ग करायचेच नाहीत, फरकांची नुसती बेरीज घ्यायची, अधिक-उणे न बघता. या फूटपट्टीने आई आणि काकूंचं एकमत येतं ०.४९. तेच क्रम, पण आधी ०.८३ आणि आता ०.४९! शिवाय फूटपट्टीत एक खोट आहे. दोघींचे क्रम पूर्ण उलटे असते तर उत्तर उणे १ यायला हवं. सहा नमुन्यांवर ते येतं जेमतेम उणे ०.५४. वापरायला सोपी असूनही ती मागे पडली, त्यामागे ही खोट आहेच.

पिअर्सन यांना हा सगळा प्रकारच पसंत नव्हता. १९०७ मध्ये त्यांनी क्रमांवर कडक टीका केली. मुद्दा साधा, पण खोल होता. समजा शंभर मुलं उंचीप्रमाणे उभी केली. ५० वा आणि ५१ वा यांत केसाएवढा फरक असेल, पण पहिला आणि दुसरा यांत चांगला दोन बोटांचा असू शकतो. क्रम मात्र दोन्हीकडे एकचाच फरक दाखवतो. म्हणजे क्रम लावताना आपण माहिती फेकून देतो. पिअर्सन यांनी टीका करून सोडून दिलं नाही. डेटा प्रसामान्य असेल तर क्रमांवरून आलेला गुणक मूळ गुणकात कसा बदलायचा याचं सूत्रही दिलं. त्या सूत्राने ०.५० चा ०.५२ होतो, फरक इतका किरकोळ. आणि योगायोग बघा, त्याच १९०७ मध्ये स्पिअरमन युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये रुजू झाले, जिथे पिअर्सन आधीपासून होते. कॉलेज एक, पण मतं दोन टोकांची.

मग बरोबर कोण? माझं मत असं की दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. पिअर्सन विचारतात, 'एक बदलताना दुसरं सरळ रेषेच्या किती जवळ राहून बदलतं?' क्रम सहसंबंध विचारतो, 'एक वाढताना दुसरंही वाढतच जातं का, मग कितीही वाढो?' ज्याच्याकडे सेंटिमीटर आहेत त्याने ते फेकून क्रम लावायचं ठरवलं, तर पिअर्सनची टीका त्याला लागू. पण ज्याच्याकडे मुळातच फक्त क्रम आहेत, त्याने काय फेकलं? काहीच नाही. उलट क्रमांना सेंटिमीटर समजणं ही त्याची खरी चूक ठरली असती.

इथपर्यंत स्पिअरमन माझे हिरो होते. पण गोष्टीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

१९०४ च्या दुसऱ्या निबंधात त्यांनी मोठी झेप घेतली. मोजमापांतल्या चुकांमुळे सहसंबंध खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, असं म्हणून त्यांनी तो 'दुरुस्त' करण्याचं सूत्र वापरलं. ही कल्पना आजही वापरात आहे. पण त्या दुरुस्तीनंतर संवेदना आणि बुद्धी यांतला सहसंबंध आला १ च्या किंचित वर! सहसंबंध १ च्या वर असूच शकत नाही, हे आपल्याला बारावीपासून माहीत आहे. अशी उत्तरं देणाऱ्या या दुरुस्तीवर पिअर्सन यांनी बोट ठेवलंच. स्पिअरमन यांनी मात्र त्यातून निष्कर्ष काढला की दोन्हींच्या मुळाशी एकच सर्वसाधारण बुद्धी आहे. पुढे बुद्धिमत्ता चाचण्यांच्या जगात या कल्पनेचं वजन प्रचंड वाढलं. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन त्यांना वेगवेगळ्या शाळांत पाठवायचे. त्या वाटणीमागच्या विचारांत हाही एक होता. त्याची सुरुवात झाली होती मूठभर मुलांच्या क्रमांवरून.

१९८५ मध्ये मानसशास्त्राचे इतिहासकार रेमंड फॅन्चर यांनी त्या निबंधातली आकडेमोड पुन्हा करून पाहिली आणि त्यात चुका सापडल्या. आठ दशकांनी! हे शक्य झालं कारण स्पिअरमन यांनी त्या मुलांचा कच्चा डेटा निबंधातच छापला होता. माझ्या मते यातून दोन्ही धडे घ्यावेत. आवडत्या सिद्धांताकडे धावताना मोठा माणूसही आकडेमोडीत चुकतो. आणि कच्चा डेटा उघड ठेवला तर ती चूक कधीतरी कोणीतरी पकडतो.

यानंतरचा मोठा प्रश्न होता संभाव्यतेचा. सहसंबंध ०.८३ आला, पण तो निव्वळ योगायोगाने आला नाही कशावरून? पिअर्सनच्या गुणकासाठी हे ठरवताना प्रसामान्य वितरण गृहीत धरावं लागे. १९३६ मध्ये हॅरल्ड हॉटेलिंग आणि मार्गारेट पॅब्स्ट यांनी दाखवलं की क्रमांच्या बाबतीत हे गृहीतक लागतच नाही. का ते भाकऱ्यांवरच बघू. सहा नमुने एकूण किती प्रकारे ओळीत लावता येतील? ७२०. काकूंनी डोळे मिटून क्रम लावला असता, तर यातला प्रत्येक क्रम यायची शक्यता सारखीच. मग या ७२० पैकी किती क्रम आईच्या क्रमाशी निदान इतके तरी जुळतात, एवढं मोजायचं. बस. कोणती वक्ररेषा नाही, कोणतं गृहीतक नाही. 'नॉन-पॅरामेट्रिक' या भारदस्त शब्दाच्या पोटात एवढंच आहे. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, मिल्टन फ्रीडमन यांनी ही युक्ती अनेक नमुने आणि अनेक परीक्षक यांच्यापर्यंत नेली. हो, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच फ्रीडमन.

आणि १९३८ मध्ये मॉरिस केंडल आले. ब्रिटनच्या कृषी मंत्रालयात नोकरी करणाऱ्या या संख्याशास्त्रज्ञाने 'बायोमेट्रिका'त क्रम सहसंबंधाचं नवं माप मांडलं. बायोमेट्रिका हे पिअर्सन यांनीच सहकाऱ्यांसह सुरू केलेलं नियतकालिक, हेही गमतीचंच. केंडल यांचा प्रश्न अगदी घरगुती आहे. कोणतेही दोन नमुने उचला. दोन्ही परीक्षकांनी त्यातला एकच सरस म्हटला का? म्हटला तर जोडी जुळली, नाहीतर नाही जुळली. जुळलेल्यांतून न जुळलेल्या वजा करा आणि एकूण जोड्यांनी भागा. हा झाला टाऊ. अशा तऱ्हेचा विचार जर्मनीत फेखनर यांच्या १८९७ च्या ग्रंथातही आहे, पण त्याला संपूर्ण रूप आणि संभाव्यतेची तक्ती दिली केंडल यांनी. सहा नमुन्यांच्या जोड्या होतात १५. आई आणि काकूंच्या १२ जुळल्या, ३ नाही. टाऊ आला ९ भागिले १५, म्हणजे ०.६०.

आता माझ्या फजितीकडे. स्पिअरमन ०.८३ आणि टाऊ ०.६० यांत विरोध नाही. दोन्हींच्या पट्ट्याच वेगळ्या आहेत, फूट आणि मीटरसारख्या. पण शक्यता काढली तेव्हा गंमत झाली. एकमत आहे का एवढंच बघायचं असल्याने मी एकाच बाजूची शक्यता घेतली होती. स्पिअरमनच्या मापाने ७२० पैकी २१ क्रम आमच्याइतके किंवा जास्त जुळणारे निघाले, म्हणजे ०.०२९. केंडलच्या मापाने निघाले ४९, म्हणजे ०.०६८. आपल्या सगळ्यांची लाडकी रेषा ०.०५ ची. एकीकडे 'सार्थ', दुसरीकडे 'सार्थ नाही'. त्याच दोन बायका, त्याच सहा भाकऱ्या!

मी काय केलं असेल? अर्थात, अहवालात स्पिअरमन टाकला आणि टाऊबद्दल चकार शब्द काढला नाही. मॅडमनी वही मागितली. वहीत दोन्ही गणितं होती. त्या ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "यातलं कोणतं वापरायचं ते भाकरी भाजायच्या आधी ठरवलं होतंस की नंतर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं, पण ते तोंडातून निघेना.

सहा नमुने आणि दोन परीक्षक यांवरून काहीच ठामपणे म्हणता येत नाही, हे त्या दोन आकड्यांनी मला सांगितलं होतं. मी मात्र त्यातला सोयीचा आकडा निवडून दुसऱ्याचं तोंड बंद केलं. १ च्या वर गेलेला सहसंबंध पाहूनही पुढे चालत राहणाऱ्या स्पिअरमन यांच्यात आणि माझ्यात त्या दिवशी फारसा फरक नव्हता. त्यांनी निदान कच्चा डेटा तरी छापला होता.

पुढच्या फेरीत परीक्षक वाढवले. दोनपेक्षा जास्त परीक्षकांच्या एकमतासाठी केंडल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९३९ मध्ये दिलेला गुणक वापरायचा, हे पीठ मळायच्या आधी तारीख घालून वहीत लिहिलं.

आता तुमच्यासाठी, थोडक्यात. तुमच्याकडे मुळात क्रमच असतील, तर क्रम सहसंबंध हा पर्याय नाही, तोच योग्य मार्ग आहे. मोजमापं असतील, तर आधी आलेख काढून डोळ्यांनी बघा. संबंध वाढत जाणारा पण वाकडा असेल किंवा एखादा टोकाचा बिंदू सगळं ओढत असेल, तर क्रम कामी येतात. संबंध आधी चढून मग उतरणारा असेल, तर स्पिअरमनही तुम्हाला शून्याच्या जवळचं उत्तर देऊन फसवेल. समान क्रम आले तर सरासरी क्रम द्या आणि ६ वालं सूत्र बाजूला ठेवून क्रमांवर थेट पिअर्सन काढा, कारण मग ती ठरलेली बेरीज ठरलेली राहत नाही. आणि स्पिअरमन की केंडल, हे डेटा हातात यायच्या आधी ठरवा.

त्या ज्युनिअरला मी शेवटी "हो, टाक" पाठवलं नाही. विचारलं, "तुझ्याकडे आहे काय, मोजमाप की क्रम? आणि आलेख काढलास का?" तिचं उत्तर यायला दोन दिवस लागले. आलेखात एक बिंदू बाकीच्यांपासून लांब पडला होता. तिने मूळ नोंदवही काढून पाहिली, तर टाईप करताना दशांशचिन्ह सरकलेलं. तिला स्पिअरमनची गरजच नव्हती.